दक्षिणेकडे पाय

मला मधुमेह नाही. कधी नव्हता. तरीही कोल्हापूरजवळच्या एका शुश्रूषा केंद्रात मला मधुमेहाच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि माझ्या गोळ्या समोरच्या खाटेवरच्या माणसाला. हे नेमके किती दिवस चालले, ते आजही कोणी खात्रीने सांगू शकत नाही. जे मी पाहिले, ऐकले आणि नंतर विचारून पडताळले, तेवढेच इथे लिहितो आहे. केंद्राचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले तर लोक एक केंद्र टाळतील आणि दुसऱ्यात निर्धास्त होतील. ज्यांचे कोणी आज अशा खाटेवर आहे, त्यांना त्याचा उपयोग नाही.

आरसा

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. निवृत्तीनंतर पत्नी सुमनसह शाहूपुरीतल्या फ्लॅटमध्ये राहतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. ही माहिती पुढे महत्त्वाची आहे.

सकाळी दाढी करत होतो. डाव्या गालावर साबण होता, पण तो लागल्याचे जाणवत नव्हते. आरशात तोंडाचा डावा कोपरा खाली आलेला दिसला. मी ते पाहत उभा राहिलो. घाबरलो नाही. चेहरा दुसऱ्या कोणाचा तरी असावा, इतक्या अंतरावरून पाहत होतो. सुमन चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अहो, असं काय तोंड करताय?" मी उत्तर दिले. ते तिला कळले नाही.

रुग्णालयात निदान झाले: पक्षाघात, डावी बाजू. नोकरीत असताना पुढाऱ्यांच्या आजारपणाच्या बातम्यांत मी 'प्रकृती स्थिर आहे' हे वाक्य असंख्य वेळा छापायला सोडले होते. डॉक्टरांनी माझ्या मुलीला, अश्विनीला, हेच वाक्य सांगितले. मी आत पडून ते ऐकले. स्थिर म्हणजे काय, ते तेव्हा समजले. डावा हात मी ठेवला तिथेच राहत होता.

बोलणे काही दिवसांत बरेचसे परत आले, पाय अर्धवट आला. मला उचलून बसवणे सुमनला शक्य नव्हते. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. अश्विनी पुण्यात नोकरी करते. घरी दिवसभराची बाई मिळेना. शेवटी गडमुडशिंगीच्या बाजूला असलेल्या एका शुश्रूषा केंद्रात मला ठेवायचे ठरले. फिजिओथेरपिस्टने अट घातली ती सरळ होती. केंद्राच्या गच्चीकडे जाणारा जिना मी कठड्याच्या आधाराने, कोणी न धरता चढलो, की घरी.

त्यानंतर मी दुसरा विचार केला नाही. जिना, एवढेच.

खोली

खोलीत समोरासमोर दोन खाटा. तीन नंबरची उत्तरेच्या भिंतीला डोके करून, चार नंबरची दक्षिणेच्या. सकाळी अंग पुसणे, चहा, नाश्ता, गोळ्या, व्यायाम. दुपारी जेवण, गोळ्या, झोप. गुऱ्हाळांचे दिवस होते. वारा फिरला की रस उकळल्याचा वास खिडकीतून यायचा.

चार नंबरवर मी, तीन नंबरवर विरूपाक्ष शेटे होते. शाहूपुरीत त्यांची गुळाची पेढी होती. मूळ गाव कर्नाटकाच्या सीमेलगत. केंद्रात त्यांना सगळे आप्पा म्हणत. मधुमेह जुना, पायाला जखम, म्हणून त्यांना तिथे ठेवले होते. मला सगळे काका म्हणत. तिथे नावाने कोणाला हाक मारली जात नसे. वडीलधाऱ्याचे नाव घेणे उद्धटपणा वाटतो. प्रत्येक खोलीत एखादे आप्पा, एखादे काका, पलीकडे दोन मावशा आणि एक आक्का होत्या.

आप्पांनी मला पहिल्या दिवशीच विचारले, "पावणं कुठलं?"

मी सांगितले. पेपरमध्ये होतो, हेही सांगितले.

"मग तुम्हीच आमचा गुळाचा भाव उलटा छापत हुता व्हय?"

"ते पान माझ्याकडे नव्हतं."

"आता कुणीबी असंच म्हणणार की," आप्पा म्हणाले. "जन्मभर गूळ इकला, आणि आता चहात साखर न्हाय. देवाला हिशोब चांगला येतोय."

तेव्हापासून मी 'पेपरवाले पावणं' झालो. मी फारसे बोलत नसे. त्यांना त्याची गरज नव्हती.

अदलाबदल

एका रविवारी आप्पांचा मुलगा बसवराज बायकोला घेऊन आला. सून खोलीत शिरली आणि दारातच थांबली. तिने खिडकीतून ऊन कुठून येते ते पाहिले, मग खाट पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिले.

"आप्पांचे पाय दक्षिणेला हाईत," ती म्हणाली.

बसवराजने हिशोब केला. ते खरे होते. दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे पाय करून झोपत नाहीत. आजारी माणूस तर नाहीच.

आप्पा म्हणाले, "आरं, आमच्या लिंगायतांत मेल्यावर बसवून पुरत्यात. पाय दक्षिणंला का उत्तरंला, प्रश्नच न्हाय की."

"आप्पा, तुम्ही सुम्म गप बसा बघू."

"बसवणारच हाईसा शेवटाला. आत्ता तरी झोपू द्या."

खाट फिरवता येत नव्हती. पाठ उचलण्याची कळ एकाच बाजूला होती आणि घंटेचे बटण भिंतीत होते. उशी उलट्या बाजूला ठेवता येत नव्हती. बसवराज माझ्याकडे आला. हात जोडून म्हणाला, "काका, तुम्हाला चालत असंल तर." मला दिशांचे काही वाटत नाही, तसे मी सांगितले. दोन मदतनिसांनी आम्हाला उचलले आणि चादरी, लोटे, चपलांसह एकमेकांच्या जागी ठेवले. मी तीन नंबरवर, आप्पा चारवर. सगळे मिळून चहा होण्याइतका वेळ लागला.

गोळ्यांचे डबे नर्सच्या खोलीत होते. प्रत्येक डब्यावर खाटेचा नंबर चिकटवलेला. ते बदलण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

सुरुवातीला काही बिघडले नाही. कारण त्या वेळची नर्स आम्हाला चेहऱ्याने ओळखत होती. ती तीन नंबरचा डबा घेऊन चारवरच्या आप्पांना द्यायची आणि चारचा मला. चिकटवलेला नंबर चुकीचा होता, तरी ती बरोबर देत होती. मग ती बाळंतपणासाठी माहेरी गेली. तिच्या जागी सविता नावाची नवी मुलगी आली. तिने डब्यावरचा नंबर पाहिला, खाटेवरचा नंबर पाहिला आणि तीनच्या गोळ्या तीनवरच्या माणसाला दिल्या. तिला जे शिकवले होते, त्याप्रमाणे ती बरोबर होती.

कंपनी बदलली

गोळ्या वेगळ्या आहेत हे दोघांच्याही लक्षात आले होते. हे मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर 'पेशंटनेही सांगितले नाही' असे म्हटले गेले.

आप्पा म्हणाले, "सिस्टर, माझी बारकी पांढरी असत्या. ही गुलाबी कुठनं आली?"

"कंपनी बदलल्या आप्पा. औषध तेच हाय."

मी विचारले. मलाही तेच उत्तर मिळाले. औषधांच्या कंपन्या खरोखरच बदलतात. दुकानदार एक नसेल तर दुसरी देतो, आणि घरीही आपण हेच ऐकून गोळी गिळतो. उत्तर पटण्यासारखे होते. मी गिळली.

पहिला प्रकार सकाळी घडला. मी जिन्याच्या निम्म्यापर्यंत गेलो होतो. कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले, पायऱ्या दुहेरी दिसल्या. मला खाली आणून झोपवले. सुमन नेमकी आली होती. आदल्या दिवशी ती नृसिंहवाडीला जाऊन आली होती. तिने पिशवीतून प्रसादाचा पेढा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला, मग आणखी एक. थोड्या वेळाने मी उठून बसलो. "दत्तानं राखलं," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी मी असंबद्ध बोलू लागलो. रुग्णालयात नेले. गाडीत सुमनने पुन्हा पेढा दिला. तिथे साखर तपासली, ती ठीक निघाली. मेंदूचा फोटो काढला, त्यात नवीन काही दिसले नाही. एक तरुण डॉक्टर अश्विनीला म्हणाले, "छोटा झटका असू शकतो. असे येत राहतील. कधी मोठा येईल, सांगता येत नाही."

जिना बंद झाला.

बाहेरच्या पडवीत

अश्विनी आणि सुमन पडवीत बोलत होत्या. खिडकी उघडी होती. मी ऐकत आहे हे दोघींना माहीत असावे.

"आई, दुसरा मजला. मधेच जिन्यात झालं तर? तू उचलणार आहेस?"

"शेजारीपाजारी आहेत की."

"शेजारी किती वेळा? बाबांना इथेच राहू दे. कायमचं. तू माझ्याकडे ये पुण्याला."

"आणि ते?"

"आपण येऊ की दर महिन्याला."

"दर महिन्याला," सुमन म्हणाली. मग ती म्हणाली, "त्यांचे पाय दक्षिणेला आहेत, अश्विनी. मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं. खाट बदलल्यापासून सुरू झालंय हे सगळं."

"आई, प्लीज. काहीही काय!"

सुमन केंद्राच्या संचालिकाबाईंकडे गेली आणि खाट पूर्ववत करा म्हणाली. त्यांनी सांगितले, रोज रोज खाटा बदलता येत नाहीत. एक वस्तुस्थिती नोंदवतो. त्या दिवशी सुमनचे ऐकले असते, तर गोळ्या आपोआप योग्य माणसाला गेल्या असत्या.

मला काय वाटले, असे लोक विचारतात. सांगण्यासारखे काही नाही. कायमचं, हा शब्द ऐकला आणि छताचा पंखा पाहत राहिलो. भीती डाव्या हातासारखी होती. तिथे आहे हे माहीत होते, जाणवत नव्हती.

आप्पा चार नंबरवरून म्हणाले, "पावणं, रडायचं असंल तर रडा की. मी भिंतीकडं तोंड करतो."

"रडायचं नाही."

"मग पेपर वाचून दाखवा. गुळाचा भाव सोडून."

मी उजव्या हाताने पेपर धरला आणि त्यांना वाचून दाखवला. बाजारातली चोरी, पाण्याची पाळी, निधनवार्ता. निधनवार्तेतल्या वयांवर ते शेरे मारत होते. "हा माझ्यापेक्षा बारका. घाई केली."

त्या आठवड्यात ते सारखे लघवीला उठत. पाणी सारखे मागत. पायाच्या जखमेला वास येऊ लागला होता.

दोन बोटे

केंद्रात ठरावीक दिवशी एक डॉक्टर फेरीला येत. त्या दिवशी ते आप्पांच्या पायासाठी आले. पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी साखरेचे यंत्र काढले, आप्पांच्या बोटाला टोचले, आकडा पाहिला आणि पुन्हा टोचले.

"आप्पा, गोड काय खाल्लं?"

"शपथ घिऊन सांगतो, कायबी न्हाय. पावण्याच्या बायकोनं पेढा पुढं केला, त्याबी दिवशी हात जोडलं."

त्याच वेळी मला घाम फुटला. मी सांगायचा प्रयत्न केला, शब्द आले नाहीत. मदतनीस बाई साखरेचा चहा आणायला धावली. डॉक्टर म्हणाले, "थांबा." त्यांनी सुई बदलली आणि त्याच यंत्राने माझे बोट टोचले.

आकडा फार खाली होता. त्यांनी तो पुन्हा पाहिला. माझ्याकडे पाहिले, आप्पांकडे पाहिले.

"यांना शुगर आहे?"

"न्हाय सर," सविता म्हणाली. "म्हणजे... तीन नंबरला हाय की. डब्यात गोळी हाय."

"तीन नंबरला कोण आहे?"

"हे काका."

"काकांचं नाव काय?"

सविताला ते माहीत नव्हते. मदतनीस बाईलाही नव्हते. दारात आलेल्या संचालिकाबाईंना आडनाव आठवले. आप्पा कोपरावर उठले.

"माझी गोळी पावण्यानं खाल्ली व्हय?" ते म्हणाले. "तरीच! घाम त्याला फुटतोय आणि मुतायला मी पळतोय!"

ते एकटेच हसले. मला साखरेचे पाणी पाजले गेले. ग्लास दातांवर आपटल्याचा आवाज आठवतो. आप्पांना त्याच दुपारी मोठ्या रुग्णालयात हलवले. स्ट्रेचर दारातून जाताना ते म्हणाले, "पावणं, माझी गोळी पचली आसंल तर तिचं पैसं द्या." मी हात वर केला. तो त्यांना दिसला की नाही, माहीत नाही.

नंतर

मला छोटे झटके आलेच नव्हते. ते साखर उतरण्याचे प्रकार होते. पेढ्याने मी दोनदा उठलो आणि रुग्णालयात साखर ठीक निघाली, याचे कारणही तेच, असे डॉक्टरांनी सुमनला समजावून सांगितले. तिने नीट ऐकून घेतले. मत बदललेले नाही.

केंद्राने दिलगिरी व्यक्त केली. शब्द होते 'कम्युनिकेशन गॅप'. सविताला काढून टाकले. मी संचालिकाबाईंना सांगितले की खाटा बदलल्या त्या दिवशी ती मुलगी कामावरही नव्हती; जी चूक तिला तयार मिळाली, ती तिने आज्ञाधारकपणे पुढे चालवली. त्यांनी मान हलवली. सविता परत आली नाही.

मी व्यायाम पुन्हा सुरू केला. जिना चढलो. नंतर शाहूपुरीतला चढलो. पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांनी खुर्ची ठेवली होती, तिच्यावर बसलो. सुमन मागून एकेक पायरी येत होती, मला धरण्यासाठी दोन्ही हात पुढे करून. तिच्या गुडघ्यांकडे पाहता, मी पडलो असतो तर दोघेही पडलो असतो.

घरी मी एक नियम केला. गोळी देणाऱ्याने आधी घेणाऱ्याचे पूर्ण नाव घ्यायचे, मग गोळी कशाची ते सांगायचे, मग द्यायची. वाचणाऱ्यांपैकी कोणाचे माणूस केंद्रात असेल, तर त्यांनी एवढे मागून घ्यावे. खाटेचा नंबर, काका, आप्पा, यांतले काहीच नाव नव्हे. आणि कंपनी बदलली असे कोणी म्हटले, तर जुने पाकीट आणि नवे पाकीट शेजारी ठेवून दाखवायला सांगावे. रागावतील. रागावू द्यावे.

सुमन रागावली.

"घ्या," ती म्हणाली.

"नाव."

"कुणाचं?"

"माझं."

तिने गोळी टेबलावर ठेवली आणि आत निघून गेली. लग्न झाल्यापासून तिने माझे नाव घेतले ते उखाण्यात, तेही बायकांनी अडवून धरल्यावर. आतून म्हणाली, "मी काय नर्स आहे? या घरात दुसरा कोण आहे गोळी खाणारा?" तिचे म्हणणे तर्काला धरून होते. मी गोळी उचलून पाहिली, ओळखली आणि घेतली. पुढचे बरेच दिवस असेच चालले. गोळी टेबलावर, ती आत.

आप्पांच्या पायाचा आधी अंगठा काढला, मग पाऊल. त्यानंतर काही दिवसांनी बसवराजचा फोन आला. मृत्यूचे कारण म्हणून हृदय बंद पडल्याचे लिहिले आहे. औषधांच्या अदलाबदलीमुळे ते गेले, असे मी लिहू शकत नाही. पुरावा नाही. जखम आधीपासून होती, वय होते. अदलाबदल झाली नसती तर ते वाचले असते का, या प्रश्नाला डॉक्टर 'सांगता येत नाही' असे उत्तर देतात. त्यापलीकडे मला नेता आलेले नाही.

अंत्यविधीला आम्ही त्यांच्या गावी गेलो. आमचे जावई, अश्विनीचे यजमान, गाडी घेऊन आले होते. शेताच्या कडेला खड्डा खणलेला होता. आप्पांना खुर्चीत बसवून आणले. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. मांडी घातलेली, वर धोतर नीट ओढलेले. पाऊल नाही हे दिसत नव्हते. त्यांना तसेच, बसलेले, खाली उतरवले.

बसवराज माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"काका," तो म्हणाला, "खाट मीच बदलाय लावली. तसं केलं नसतं तर..."

"खाट बदलली म्हणून झालं नाही," मी म्हणालो. "डबा बदलला नाही म्हणून झालं."

त्याने दोनदा मान हलवली. मग मातीची मूठ टाकायला गेला. मला बसायला दिलेल्या खुर्चीमागे सुमन उभी होती. तिने ऐकले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाला. सुमन पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली. टेबलावर ठेवली नाही. समोर उभी राहिली. खिडकीतून बाहेर रस्त्याकडे पाहत, बातमी वाचावी तशा आवाजात ती म्हणाली:

"श्रीधर बळवंत मिरजकर. रक्त पातळ करायची. एक."

मी हात पुढे केला.